जयवंताचा डवरा

१२ नोव्हेंबर, सकाळी

मी बोलते, फोन लिहितो. सुनेनं, आरतीनं, शिकवलं. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलत सुटायचं. तारीख तो स्वतःच टाकतो. आरती म्हणाली, आई, तुमची वऱ्हाडी त्याला समजत नाही, जरा शुद्ध बोला. म्हणून आजपासून मी शुद्ध बोलणार आहे. निदान इथं तरी.

ही रोजनिशी कोणी वाचणार नाही. मला अक्षरच येत नाही, म्हणजे माझ्यापासूनसुद्धा गुप्त.

आजचा ठराव. ओट्याखालच्या कडप्प्याच्या कप्प्यात ओढून बाहेर येणारा लाकडी खण बसवायचा. इंग्रजीत ड्रॉवर. लेक कुलदीप कापेल, ठोकेल. मी सांगेन. सुतार येऊन पाहून गेला. म्हणाला, स्टीलची ट्रॉली बसवा. त्या जाळीत मोहरीचा डबा कलंडतो. मला लाकूडच पाहिजे, आणि ते घरात आहे. अंजनगावच्या आमच्या स्वयंपाकघरातली सागाची फळी मी इथं अमरावतीला येताना घेऊन आले होते. दिवाणाखाली पडून आहे. तेव्हा सगळे हसले होते.

हे सगळं कशाला, तर जयवंता राहायला येणार आहे. माझी धाकटी जाऊ. अकोल्याला लेकाकडे, अंकुरकडे असते. दसऱ्याच्या आधी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. म्हणजे बाकी सगळं चालतं, असा मी अर्थ घेतला.

अंजनगावला एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. मी उंच, ती ठेंगणी, माझ्या खांद्याला लागते. वरच्या फळीवरचं मी काढायचं, खालचं तिनं. तिनं खालून डबा वर करायचा, मी न पाहता हात खाली सोडायचा. डबा हातात. कधी हात हुकला नाही. आता माझे गुडघे गेले आणि तिचा खुबा गेला. खालचं काढणारं कोणी उरलं नाही. मग खालच्यानंच बाहेर यायला पाहिजे. सोपं आहे.

महिनाअखेर काम पूर्ण. डिसेंबरात जयवंता इथं.

१३ नोव्हेंबर

फोन बरोबर लिहितो का हे पाहायला आरतीनं कालचं उघडलं आणि हसत सुटली. मी म्हटलं ड्रॉवर, फोननं लिहिलं होतं डवरा, तिनं ते सुधारलं. म्हणे, आई, शेतात तण काढायचा डवरा ओट्याखाली कसा बसवणार? मी म्हटलं, फोनला शेती कळते, तुलाच कळत नाही. तो बैलानं ओढायचा, हा आपण ओढायचा. यात चुकलं काय?

आता डवराच म्हणणार. आरतीच्या हातात पुन्हा फोन द्यायचा नाही.

१५ नोव्हेंबर

अंकुरला फोन केला. सांगितलं, आईला भिंतीशी उभी कर. परकराचा नाडा घे, एक टोक जमिनीला लाव. न वाकता तिचा हात जिथं पोहोचेल तिथं गाठ मार आणि नाडा पाठव. त्या गाठीवर डवऱ्याची मूठ येईल. कुलदीप म्हणत होता, इंचात विचार. इंच माझ्या काय कामाचे? गाठ हाताला कळते.

अंकुरनं दोनदा विचारलं, भिंतीशी उभी? मग म्हणाला, हाव मोठी आई.

जयवंता फोनवर आली. आवाज बारीक, रेंज नसेल. म्हणाली, बाई, तुमी केलेला डवरा म्हंजे ओढाले बैलबी लागतीन का? मी म्हटलं, तू येऊन राहिली न, आणखी बैल कायले पाहिजे? तिला हसू आलं, मग खोकला आला.

२३ नोव्हेंबर

नाडा आला. ओळखीचे केशवराव अकोल्याहून येत होते, त्यांनी आणून दिला.

गाठ चुकली आहे. फार वर आहे. उभी राहून पाहिलं तर ती माझ्याच हाताशी आली. ठेंगणीचा हात एवढा वर कसा? एक तर अंकुरनं झोपेत माप घेतलं, नाही तर अकोल्याचं पाणी लागून म्हातारी उंच झाली.

फोन करून तिला हेच विचारलं. म्हणाली, हाव, वाढलो मी. मी म्हटलं, मी गाठ सोडते, माझ्या अंदाजानं वीतभर खाली मारते. एकदम म्हणाली, नोको बाई, गाठ सोडू नोका. काहून म्हटलं तर म्हणे, राहू द्या न जी.

मी काय तिची उंची विसरले? गाठ सोडली. वीतभर खाली मारली.

तो नाडा मग आरतीनं धुऊन माझ्या परकरात ओवला. शोधाशोध झाली. परकर नेसलेलाच होता. गाठ शाबूत निघाली, अब्रूही.

३० नोव्हेंबर, दुपारी

महिना संपला. नोव्हेंबर तसाही आखूडच असतो.

कुलदीपनं गॅलरीत फळी कापायला घेतली. कॉलेजात गणित शिकवतो. एकदा कापली, आखूड झाली. दुसऱ्यांदा कापली, आणखी आखूड झाली. मी म्हटलं, थांब बापा, तिसऱ्यांदा कापशील तर पोळपाट होईल. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर पाहून विचारलं, आमच्या वाळत घातलेल्या आवळ्यांवर हे काय पडून राहिलं? भुसा. सागाचा आहे, सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

फळी अजून पुरते. अंजनगावचं सुतारकाम, मनानं मोठं. जिथं माझा लोणच्याचा बरणा बसायचा तिथं तेलाचा गोल डाग आहे. तो भाग कापू दिला नाही. तो पुढून दिसला पाहिजे.

नवा ठराव: नाताळाच्या सुट्टीत काम पूर्ण.

७ डिसेंबर

डवऱ्याची पेटी झाली. चारातले तीन कोपरे बरोबर आहेत. चौथ्याबद्दल कुलदीपला काही बोलायचं नाही, असं ठरवलं. बोलले.

१४ डिसेंबर

लोखंडी पट्ट्या आणल्या. चॅनेल म्हणतात. त्या दोन्ही बाजूंनी लावायच्या, म्हणजे डवरा त्यांवर सरकतो. त्या पट्ट्यांसाठी पेटी बोटभर अरुंद करायची असते, हे कुलदीप फोनवर पाहत होता त्या व्हिडिओवाल्यानं शेवटी सांगितलं. आमची पेटी कप्प्याला अगदी घट्ट बसली होती. मी कौतुक करत होते, किती नेमकी बसली. इतकी नेमकी की बाहेरच येईना. आरतीनं ओट्यावर पाय रेटला, कुलदीपनं ओढलं, मी पांडुरंगाचं नाव घेतलं.

पेटी उकलून पुन्हा करायची. चूक कोणाची यावर बोलायचं नाही असं तिघांनी ठरवलं. याचा अर्थ माझी.

१५ डिसेंबर

अंकुरचा फोन. म्हणाला, आई जेवत नाही. दोन घास घेते, मान फिरवते. मी म्हटलं, तुमच्या घरी भाजीत साखर टाकतात, कोण खाईल? इथं आली की ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात करून घालते. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, बाजारात ढीग लागले आहेत. पाहा कशी जेवते.

म्हणाला, मोठी आई, ते नाही. मग म्हणाला, बरं.

जयवंता फोनवर आली नाही. झोपली होती. थंडीत झोप लागते.

२१ डिसेंबर

पेटी पुन्हा केली, चौथा कोपरा पुन्हा तसाच. डवरा बसला. माझ्या गाठीवर, म्हणजे खाली. कडप्प्याला भोकं पाडताना एक टवका उडाला. तो आतल्या बाजूला आहे, कोणाला दिसणार?

सगळ्यांसमोर मी ओढून दाखवायला गेले. मूठ खाली, मी वाकले आणि तिथंच अडकले. गुडघा ना पुढे ना मागे. एका बाजूनं कुलदीप, दुसऱ्या बाजूनं आरती, असं मला उभं केलं. कुलदीप हळूच म्हणाला, आई, काकूनं पाठवलेल्या गाठीवर लावून पाहू का? मी म्हटलं, डवरा तुझ्या काकूसाठी आहे, माझ्यासाठी नाही. मला वाकावं लागलं म्हणजेच माप बरोबर.

त्यानं पुन्हा टेप लावून मोजलं. गणितवाल्यांचं असंच असतं.

२८ डिसेंबर

कुलदीपची सुट्टी आहे. म्हणाला, चल, अकोल्याला जाऊन येऊ, काकूला भेटून येऊ, गाडीनं दोन तासांत पोहोचतो. मी नाही म्हटलं. जायचं ते तिला आणायलाच. डवरा अजून करकरतो. अर्धवट काम टाकून गेले तर ती म्हणेल, बाई, बैल सुटले वाटते तुमचे.

आरतीनं पण म्हटलं, जाऊन या आई. दोघं एकमेकांकडे पाहत होते. मी म्हटलं, तुम्हाला काय माझ्या रोजच्या सूचनांतून सुटका पाहिजे? बसा घरी.

पट्ट्यांना तेल लावलं.

५ जानेवारी, संध्याकाळी

आज जयवंता फोनवर आली. अंकुरनं फोन तिच्या कानाशी धरला असावा, त्याचाच श्वास जास्त ऐकू येत होता.

तिनं डवऱ्याचं विचारलं. झाला म्हटलं. म्हणाली, गाठ सोडली का?

मी म्हटलं, नाही.

म्हणाली, मंग ठीक. मग पुन्हा म्हणाली, गाठीवरच लावजा बाई.

मी म्हटलं, तू येशील तेव्हा स्वतःच ओढून पाहा. हाव म्हणाली. संक्रांतीनंतर येतो, म्हणाली. मी आरतीला बोलावून सांगितलं, ऐकलं? स्वतःच्या तोंडानं म्हणाली.

८ जानेवारी

गाठ सोडली नाही असं तिला म्हटलं, ते खोटं राहायला नको. डवरा काढला. पहिली गाठ सोडली तरी नाड्यावर तिथं मुरड राहिली होती, धुतल्यावरही. मी बोटांनी चाचपली. कुलदीपनं तिथं खूण केली. पुन्हा भोकं. आता कडप्पा चाळणीसारखा झाला आहे. आरतीनं खाली पडलेली भुकटी जरा जोरातच झाडून काढली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

१० जानेवारी

लागला. ओट्याला लागून, अगदी वर.

ओढला. खर्रकन आला. गुडघा गप्प, कंबर गप्प. वाकावं लागलं नाही. नुसता हात खाली सोडला आणि मूठ हातात. मी तीनचार वेळा ओढला. कुलदीप म्हणाला, आई, आता पुरे.

एकच खोड. पेटीचा चौथा कोपरा आणि या घराची फरशी यांचं काही तरी आहे. हात सोडला की डवरा आपोआप आत जातो. कुलदीप म्हणाला, दुरुस्त करतो. मी नको म्हटलं. चांगलंच आहे. एकीनं धरायचा, दुसरीनं डबा काढायचा. एकटीचं कामच नाही ते. जयवंताला इथं बसून खायची सवय लागायला नको.

तिला मात्र मूठ उंच पडेल. उरलेल्या फळीचा एक पाट करून घेतला. त्यावर उभी राहील. आयुष्यभर मी तिला ठेंगणी म्हटलं, आता पाटावर चढवून सासूसारखी उभी करते.

ठराव: सोळा तारखेला अकोला. पंधराला नाही. पंधराला कर आहे, संक्रांतीचा दुसरा दिवस, त्या दिवशी आमच्यात घराबाहेर प्रवासाला निघत नाहीत.

अंकुरला सांगितलं. म्हणाला, मोठी आई, उद्याच या न. मी म्हटलं, तिळाचे लाडू व्हायचे आहेत. रिकाम्या हातानं कशी येऊ?

१४ जानेवारी

लाडू झाले. तिचे डबे डवऱ्यात ठेवले. तिळाचा एक, तुरीच्या डाळीचा एक, जिरं, मोहरी. सगळं जे तिच्याकडे असायचं ते. पाट खाली मांडला. आरतीनं नवी चादर काढली. मी म्हटलं, फुलांची नको, तिला फुलं आवडत नाहीत, चादरीवरची. 

खुशालराव असते, माझे मालक, तर म्हणाले असते, दोघी एका छताखाली म्हणजे आता मीच अकोल्याला जातो.

उद्या कर. परवा निघायचं.

१५ जानेवारी

करीच्या दिवशी निघत नाहीत.

आम्ही निघालो. पहाटे अंकुरचा फोन आला.

३० जानेवारी, दुपारी

तेरवी करून आलो. फोनमध्ये बोलायचं मनात नव्हतं. मंग वाटलं, सांगू कोणाले. आरतीले सांगितलं तर ते रडते, कुलदीपले सांगितलं तर तो पाणी आणून देते.

शुद्ध बोलनं आज होत नाही. फोनले समजलं तर समजलं.

तेरवीच्या दिवशी सारे जेवून गेले, तवा मी अंकुरले म्हटलं, बापा, येक सांग. ते गाठ तुनं अशी चुकीची काहून मारली होती? तुही माय माह्या खांद्याले लागे. गाठ तं माह्या हाताशी आली.

अंकुर खाली पाहून राहिला. म्हणे, मोठी आई, आई त्या ऑपरेशननंतर उभीच नाही राहिली. तुमी सांगितलं, भिंतीशी उभी कर. मी नाडा घेऊन पलंगापाशी बसलो, काय करू समजे ना. मी म्हटलं, आई, जुन्या परकराच्या मापानं अंदाजे गाठ मारू का? तं आई म्हणे, माहं माप घेऊच नोको. माह्या काय कामाचा हाये तो डवरा? येक टोक भुईले लाव. मी लावलं. आईनं पलंगाच्या काठावरून हात सोडला, मंग वर केला, हातात डबा असल्यावानी. डोळे मिटले होते. थोडा आणखी वर केला. म्हणे, बाईचा हात इथं येते. मार गाठ.

मी म्हटलं, आन् संक्रांतीनंतर येतो म्हणे ते?

अंकुर म्हणे, तुमाले ऐकाले बरं वाटे, म्हणून आई म्हणे.

मी त्याच्यावर चिडली. म्हटलं, मले काहून नाही सांगितलं? तो म्हणे, मोठी आई, सांगितलं न. दर फोनले सांगितलं.

गाडीत, बडनेरा आलं तवा, कुलदीप म्हणे, आई, चहा घेतं का? मी नाही म्हटलं. मंग घेतला.

घरी येऊन पाहते तं पाटावर आरतीनं पाण्याची कॅन ठेवली. बराबर उंचीची हाये, तोटीखाली गिलास बसते. ते घाबरली, म्हणे, आई, उचलते. मी म्हटलं, राहू दे. त्याच्यासाठीच केला होता म्हण.

कुलदीप म्हणे, चौथा कोपरा आज सरळ करून देतो, मंग डवरा आत नाही जाणार. मी त्यालेबी राहू दे म्हटलं.

आता दुपारी दोघंबी कामावर गेले. आंबट वरन कराचं मनात आलं. तुरीची दाय डवऱ्यात. हात खाली सोडला, पाह्यलं नाही. मूठ हातात आली. ओढला. वाकावं नाही लागलं.

सोडला असता तं आत गेला असता. म्हणून येका हातानं धरला, दुसऱ्या हातानं डबा काढला. मले वाटलं होतं, जमनार नाही.

जमलं. एकटीनं.